ग्राहकांनीच विकत घेतलेली विमा कंपनी: स्वीडनची 'स्कँडिया'

हिशेबनीस (धागाकर्ता)

आयुर्विम्याच्या फंडात साठलेला पैसा कोणाचा? हप्ते भरणाऱ्यांचा की कंपनीच्या भागधारकांचा? एलआयसीचे शेअर बाजारात आले तेव्हा यावर इथे चांगलीच जुंपली होती. याच प्रश्नाने स्वीडनमधल्या एका नामांकित कंपनीला पार उलटंपालटं केलं. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

स्कँडिया स्टॉकहोममध्ये 1855 साली सुरू झाली. त्याआधी स्वीडनमध्ये विमा नव्हताच असं नाही. लाकडी घरांचा देश, त्यात थंडीमुळे घरात सदैव विस्तव. कोणाचं घर जळालं तर आसपासच्या सगळ्यांनी मिळून मदत द्यायची, हे तिथल्या मध्ययुगीन प्रांतिक कायद्यांतच लिहिलेलं होतं. पण अख्खं गाव जळालं तर देणारा कोण आणि घेणारा कोण? ही भीती काही हवेतली नव्हती. 25 जून 1888 या एकाच दिवशी सुंड्सवाल आणि उमेओ ही दोन शहरं आगीत गेली. असला धोका पेलायचा तर भांडवल लांबलांबच्या लोकांकडून उभं करायला हवं आणि धोकाही लांबवर विखरायला हवा. स्कँडिया त्या विचाराची कंपनी. भागभांडवलावर उभी राहिलेली, आग आणि आयुष्य दोन्हींचा विमा उतरवणारी. 1863 मध्ये स्टॉकहोमचा शेअर बाजार सुरू झाला तेव्हापासून तिचे शेअर तिथे होते.

पुढची शंभर वर्षं मी झरझर ओलांडतो, कारण त्यात फार नाट्य नाही. कंपनी वाढत गेली, छोट्या कंपन्या गिळत गेली. 1960 च्या दशकात 'थूले' नावाची मोठी आयुर्विमा कंपनी तिच्या पोटात आली, हे तेवढं लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं. स्वीडिश कायद्याने आयुर्विमा कंपन्यांना भागधारकांना नफा वाटायला दीर्घकाळ मनाई होती. कंपनी शेअरवाल्यांच्या मालकीची असली तरी आयुर्विम्यात जे काही उरेल ते पॉलिसीधारकांचंच. त्यामुळे स्कँडियाच्या घरात एक विचित्र नातं तयार झालं. वर मूळ कंपनी, तिचे शेअर बाजारात. खाली तिच्या शंभर टक्के मालकीची 'स्कँडिया लिव्ह', म्हणजे आयुर्विमा कंपनी, आणि सगळ्यात मोठा पैशांचा साठा तिच्याकडे. मालकी वरच्यांची, पैसा खालच्या ग्राहकांचा, आणि दोन्हीकडचे निर्णय घेणारी माणसं बरीचशी तीच. पुढे जे झालं त्याचं बी इथे आहे.

नव्वदच्या दशकात स्कँडिया म्हणजे व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवायचं उदाहरण होतं. 1991 मध्ये त्यांनी लेफ एडविन्सन यांना 'बौद्धिक भांडवलाचे' संचालक नेमलं. असं पद तोवर कोणी ऐकलेलं नव्हतं. 1994 च्या वार्षिक अहवालाला त्यांनी या विषयाची स्वतंत्र पुरवणीच जोडली. कंपनीची खरी किंमत ताळेबंदात दिसत नाही. ती माणसांच्या ज्ञानात, ग्राहकांशी असलेल्या संबंधांत आणि कामाच्या पद्धतींत असते, आणि तीही मोजता येते, असं म्हणणं. त्यासाठी 'नॅव्हिगेटर' नावाचा एक आराखडा केला. मध्यभागी माणूस, भोवती पैसा, ग्राहक, प्रक्रिया आणि नूतनीकरण. जगभरचे प्राध्यापक त्यावर निबंध लिहीत होते.

धंद्याची रीतही वेगळी होती. युनिट लिंक्ड पॉलिसी (हप्ते फंडात गुंतवायचे, बाजार वरखाली होईल तसं मूल्य बदलणार) विकायच्या, पण विकणारे दलाल बाहेरचे आणि पैसे गुंतवणारे फंड मॅनेजरही बाहेरचे. स्कँडिया मध्ये बसून दोघांना जोडणार आणि शुल्क घेणार. ब्रिटन आणि अमेरिकेत हा धंदा वाऱ्यासारखा वाढला. 1999 मध्ये तर घर, गाडी, आग हा सगळा सर्वसाधारण विमा नॉर्वेच्या स्टोअरब्रँड या कंपनीच्या तशाच धंद्यात मिसळून 'इफ' नावाची वेगळी कंपनी काढली. ज्या आगीच्या विम्यासाठी जन्म झाला, तोच घराबाहेर काढला!

लांबलं. घसरगुंडी प्रतिसादात लिहितो.

चहाटळ

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. विम्यावरचा धागा शेवटपर्यंत वाचला हे घरी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

विमावाले_काका

हिशेबनीस, छान सुरुवात. सगळी नोकरी एलआयसीत विकास अधिकारी म्हणून गेली, म्हणून एक विचारतो. आपल्याकडे 'विथ प्रॉफिट' (म्हणजे फंडाच्या नफ्यात वाटा असलेल्या) पॉलिसीला वर्षाचा बोनस एकदा जाहीर झाला की तो पॉलिसीला चिकटला. पुढे बाजार पडो, काही होवो, तो मुदतपूर्तीला किंवा मृत्यूनंतर द्यावाच लागतो. ग्राहकाला मी हेच सांगून पॉलिसी देत असे. तिकडेही असंच का?

आणि उरलेल्या पैशाची वाटणी आमच्याकडे 95 टक्के पॉलिसीधारकांना आणि 5 टक्के सरकारला, अशी होती. शेअर बाजारात आल्यानंतर ती टप्प्याटप्प्याने 90-10 वर आणली आणि बोनस नसलेल्या पॉलिसींचा फंड वेगळा काढून त्यातला नफा पूर्ण भागधारकांचा केला. आमच्या जुन्या मंडळींना हे अजून पचलेलं नाही.

हिशेबनीस

काका, नेमका प्रश्न. तिकडे असं नाही. स्वीडिश पद्धतीत ठरावीक रकमेची हमी असते. त्यावर जे मिळतं त्याचा आकडा दरवर्षीच्या पत्रकात दिसतो, पण तो हातात पडेपर्यंत पक्का नसतो. फंडाची मालमत्ता एकीकडे आणि हमीची रक्कम अधिक जाहीर केलेला वाढावा दुसरीकडे, असं गुणोत्तर काढतात. ते 100 च्या बरंच वर असेल तर व्याजदर वाढवतात. फारच खाली गेलं तर दाखवलेल्या वाढाव्यातून कंपनी काही भाग परत काढून घेऊ शकते. आपल्याकडे एखाद्या शाखेत असं पत्रक पाठवलं तर काय होईल याची कल्पना तुम्हीच करा.

म्हणजे तिकडचा ग्राहक अर्धा भागीदारच असतो. तोटा सोसायचा तर त्यानेही सोसायचा. म्हणूनच त्याच्या फंडातून कोणी बाहेर पैसे नेले तर ते त्याच्या ताटातलं असतं.

दशांश

अमेरिकेत काय बिनसलं ते मी थोडं सांगतो. या हिशेबांतच माझा दिवस जातो.

अमेरिकन स्कँडिया 'व्हेरिएबल अ‍ॅन्युइटी' विकायची. ग्राहकाचे पैसे फंडात, कंपनीला त्यावर दरवर्षी ठरावीक टक्के शुल्क. पण विकणाऱ्या दलालाचं कमिशन पहिल्याच दिवशी द्यायचं. म्हणजे जितकी विक्री जास्त तितकी रोकड आधी बाहेर जाते आणि शुल्काच्या रूपाने हळूहळू परत येते. त्यासाठी कर्ज काढावं लागतं. हिशेबाची त्या वेळची पद्धत मात्र अशी, की पुढच्या अनेक वर्षांत येऊ घातलेल्या शुल्काचं आजचं मूल्य काढून ते आत्ताच कमाई म्हणून दाखवता येत होतं. कागदावर भरघोस नफा, तिजोरीत खडखडाट.

2000 नंतर बाजार कोसळला. फंड आटला की टक्केवारीने मिळणारं शुल्कही आटतं. नवी विक्री थांबते. वर अनेक पॉलिसींत अशी हमी की ग्राहक वारला तर वारसांना किमान भरलेली रक्कम तरी मिळेल. तेजीत ती हमी फुकट वाटते. मंदीत प्रत्येक मृत्यूमागे कंपनीला खिशातून भर घालावी लागते. तिन्ही फटके एकदम बसले. डिसेंबर 2002 मध्ये अमेरिकन धंदा प्रुडेन्शियल फायनान्शियलला विकायचं ठरलं, साधारण सव्वा अब्ज डॉलरला. काही वर्षांपूर्वी तोच कंपनीचा मुकुटमणी होता.

गोदाकाठ

हे आपल्याकडच्या युलिपसारखंच (युनिट लिंक्ड पॉलिसीसारखंच) झालं की. पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून भलीमोठी कापणी, आणि "तीनच वर्षं भरा हो" म्हणणारा बँकेतला मुलगा.

दशांश

@गोदाकाठ, बरंच साम्य आहे. फरक असा की आपल्याकडे ती पहिल्या वर्षीची कापणी सरळ ग्राहकाच्या हप्त्यातून व्हायची, त्यामुळे कंपनीवर ताण कमी आणि ग्राहकावर जास्त. 2010 मध्ये युलिपवर नियंत्रण कोणाचं यावरून सेबी (शेअर बाजाराची नियामक) आणि इर्डा (विम्याची नियामक) यांचं भांडण झालं, नंतर त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून शुल्कावर मर्यादा आली आणि पैसे काढता न येण्याचा बंद काळ तीनवरून पाच वर्षं झाला.

हिशेबनीस

आता घोटाळा. यात तीन धागे आहेत आणि तिन्ही एकाच वेळी उसवले.

पहिला, बोनस. शेअरचा भाव चढला की वरिष्ठांना पैसे, अशा योजना होत्या. एकीचं नाव 'वेल्थबिल्डर'. दुसरी 'शेअरट्रॅकर'. तेजीत त्यातल्या रकमा बेफाम वाढल्या. देयकाची कमाल मर्यादा संचालक मंडळाला न विचारता उठवली, असा आरोप मुख्याधिकारी लार्स-एरिक पेटरसन यांच्यावर आला. प्रश्न होता 15 कोटींहून जास्त क्रोनरचा (क्रोनर म्हणजे स्वीडनचं चलन). त्यांना 2003 च्या वसंतात पायउतार व्हावं लागलं. 2006 मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली, पण अपिलात ते निर्दोष सुटले. हे आवर्जून सांगतो, कारण इंटरनेटवर पहिलाच अर्धा भाग फिरत असतो.

दुसरा, घरं. स्टॉकहोमच्या मध्यवस्तीत भाड्याचं घर मिळायला माणसं वर्षानुवर्षं रांगेत असतात. कंपनीच्या मालकीच्या इमारतींतले फ्लॅट वरिष्ठांच्या मुलाबाळांना मिळाले आणि त्यांची डागडुजी कंपनीच्या खर्चाने झाली, असं बाहेरच्या चौकशीत निघालं. डिसेंबर 2003 मध्ये तो अहवाल आला. बोनसच्या आकड्यांवर सामान्य माणूस जांभई देतो, पण फ्लॅट सगळ्यांना कळतो. स्वीडिश लोकांचं डोकं फिरलं ते इथे.

तिसरा धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावरच सर्वात कमी बोललं जातं. 2002 मध्ये मूळ कंपनीने आपली गुंतवणूक सांभाळणारी शाखा नॉर्वेच्या डीएनबी बँकेला विकली. त्या शाखेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? तर स्कँडिया लिव्हचा फंड. म्हणजे बँकेने पैसे मोजले ते मुख्यतः त्या फंडाची देखरेख वर्षानुवर्षं आपल्याकडे राहील म्हणून. किंमत मात्र मूळ कंपनीच्या खिशात. ग्राहकांच्या म्हशी, दूध डेअरीला, आणि बिल सरपंचाच्या नावावर.

स्वीडनमध्ये सामूहिक दाव्याचा कायदा 1 जानेवारी 2003 ला लागू झाला. स्कँडिया लिव्हच्या पॉलिसीधारकांनी संघटना काढून त्या कायद्याखाली मूळ कंपनीला कोर्टात खेचलं. दहा लाखांहून जास्त लोकांच्या वतीने. दोन्ही कंपन्यांमधला वाद वेगळा लवादापुढे गेला आणि 2008 मध्ये लवादाने मूळ कंपनीला सांगितलं की लिव्हला 50 कोटींहून जास्त क्रोनर द्या.

मालवणी_मसाला

मेल्यांनी डागडुजी तरी आपल्या पैशान करूची होती!

उत्तरेतली_मनू

स्टॉकहोमहून. वाचते आहे, आणि एक अवांतर टाकल्याशिवाय राहवत नाही.

हिशेबनीसांनी 'थूले' लक्षात ठेवा म्हटलं ना? त्या कंपनीचे प्रमुख अनेक वर्षं स्वेन पाल्मे होते. त्यांचा मुलगा गुन्नारही तिथेच. आणि स्वेन यांचा नातू म्हणजे पंतप्रधान ओलोफ पाल्मे. थूलेसाठी स्वेआव्हेगन रस्त्यावर मोठी इमारत बांधली होती. थूले स्कँडियात गेल्यावर ती स्कँडियाची झाली. 28 फेब्रुवारी 1986 च्या रात्री पाल्मे बायकोबरोबर सिनेमा पाहून पायी घरी निघाले होते, सोबत अंगरक्षक नाही, आणि त्यांना गोळी घातली ती या इमारतीच्या अगदी लगतच्या कोपऱ्यावर. आज तिथे फुटपाथमध्ये एक धातूची पाटी बसवलेली आहे. लोक घाईघाईने तिच्यावरून चालत जातात. कधी तरी कोणी गुलाब ठेवून गेलेलं असतं.

खुनाचा उलगडा झाला नाही. 2020 मध्ये सरकारी वकिलांनी स्कँडियाच्याच एका कर्मचाऱ्याकडे बोट दाखवून तपास बंद केला. तो माणूस 2000 सालीच वारला होता, त्यामुळे खटला उभा राहिलाच नाही. इथल्या वर्तमानपत्रांत त्याला 'स्कँडिया-मॅन' म्हणतात. कंपनीला हे विशेषण किती नकोसं वाटत असेल!

आता विषयावर. इथे दरवर्षी पेन्शन खात्याकडून नारिंगी पाकीट येतं. पगारातले 18.5 टक्के सरकारी पेन्शनला, त्यातले 16 सामाईक हिशेबात आणि 2.5 टक्के आपण निवडलेल्या फंडात. त्यामुळे 'माझा पैसा कोणत्या फंडात आहे आणि त्यावर शुल्क किती' हे इथे शिक्षकापासून बसचालकापर्यंत सगळे बोलतात. स्कँडियाचं प्रकरण म्हणूनच इतकं पेटलं. ते कोणा श्रीमंतांच्या शेअरचं भांडण नव्हतं, शेजारच्या काकूंचं म्हातारपण त्यात होतं.

चहाटळ

विम्याच्या धाग्यात खून! आता घरी वाचून दाखवतो.

हिशेबनीस

मनू, जबरदस्त भर. ही इमारतीची बाजू मी मुद्दामच सोडली होती. स्टॉकहोमच्या माणसाने सांगण्यात मजा आहे.

शेवटचा अंक. कंपनी अशी खिळखिळी झाल्यावर 2005 मध्ये ओल्ड म्युच्युअलने बोली लावली. ही दक्षिण आफ्रिकेतली कंपनी, 1845 मध्ये केपटाउनला सुरू झालेली. आधी नावाप्रमाणे खरोखरच सभासदांच्या मालकीची, पण 1999 मध्ये शेअर कंपनी होऊन लंडनच्या बाजारात गेलेली. स्कँडियाच्या संचालक मंडळातल्या बहुमताने बोलीला विरोध केला. भागधारकांनी तरी शेअर दिले. 2006 मध्ये स्कँडिया ओल्ड म्युच्युअलची झाली आणि स्टॉकहोमच्या शेअर यादीतून तिचं नाव गेलं.

इथे आपला एक खराखुरा धागा जुळतो. त्याच काळात ओल्ड म्युच्युअल मुंबईत कोटक महिंद्राची 26 टक्क्यांची भागीदार होती. 'कोटक महिंद्रा ओल्ड म्युच्युअल लाइफ इन्शुरन्स' या नावाची पॉलिसी इथल्या कित्येकांच्या कपाटात असेल. 2017 मध्ये कोटकने तो हिस्सा 1292 कोटींना घेतला आणि नाव लहान झालं. म्हणजे काही वर्षं मुंबईतली ती कंपनी आणि स्टॉकहोमची स्कँडिया लांबच्या नात्याने बहिणी होत्या.

पुढे ओल्ड म्युच्युअलला कर्ज कमी करायचं होतं. डिसेंबर 2011 मध्ये त्यांनी उत्तर युरोपातला धंदा विकायला काढला. घेणारा कोण? स्कँडिया लिव्ह! मुलीने आईला विकत घेतलं. साडेबावीस अब्ज क्रोनर, व्यवहार मार्च 2012 मध्ये पुरा. जानेवारी 2014 पासून स्कँडिया रीतसर पॉलिसीधारकांच्या मालकीची परस्पर संस्था झाली. ब्रिटनचा धंदा ओल्ड म्युच्युअलकडेच राहिला. त्याचं पुढे 'क्विल्टर' झालं.

जगभर गाडी उलट्या दिशेने धावत होती. सभासदांच्या कंपन्या शेअर बाजारात जात होत्या. ओल्ड म्युच्युअल स्वतः तशीच गेली होती. तिच्याच हातून निसटून स्कँडिया मात्र बाजारातून उठून सभासदांकडे आली.

कडूकाढा

सगळं वाचलं. पण शेवटी टाळ्या वाजवायच्या असतील तर मी नाही वाजवणार. साडेबावीस अब्ज आले कुठून? ग्राहकांच्याच फंडातून ना? म्हणजे ज्या मालकांनी तुमच्या फंडाभोवती बसून वर्षानुवर्षं कमाई केली, त्यांना जाता जाता तुमच्याच पैशातून रोख मोजले.

दुसरं, मालक लाखो लोक म्हणजे मालक कोणीच नाही. भागधारक निदान चिडतो, शेअर विकतो, भाव पाडतो. पॉलिसीधारक काय करणार? आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावं लागतं, तीही समोसे ठेवून. तिथे लाखो सभासद व्यवस्थापनाला जाब विचारतील?

दशांश

पहिल्या मुद्द्यावर: पैसे फंडातूनच गेले, पण बदल्यात फंडाला मालमत्ता मिळाली. बँक, युनिट लिंक्डचा धंदा, त्यांचं शुल्क. त्याच पैशात दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घेतले असते तसंच. प्रश्न एवढाच की किंमत रास्त होती का. आणि आधी जे शुल्क मालकाकडे जायचं ते आता फंडात राहतं, हे किमतीत धरायला हवं.

हिशेबनीस

@कडूकाढा, दुसरा मुद्दा मान्य. ग्राहकांनी निवडलेलं प्रतिनिधी मंडळ आहे आणि ते संचालक नेमतं, पण अशा निवडणुकांत उत्साह फार नसतो हे उघड आहे. तरी एक सांगतो. 2002 मध्ये फंडाची देखरेख विकून किंमत खिशात घालता आली, कारण खिसे दोन होते. आता एकच आहे. व्यवस्थापन निष्काळजी असू शकेल, उधळं असू शकेल, पण ग्राहकाकडून काढून मालकाला द्यायचं हा प्रकार रचनेतूनच गेला. माझ्या लेखी हे कमी नाही.

विमावाले_काका

कडूकाढा यांचं म्हणणं मला अनुभवाने पटतं, तरी एक आठवण करून देतो. आपल्याकडची पहिली देशी आयुर्विमा कंपनी परस्पर संस्थाच होती. बॉम्बे म्युच्युअल, 1870. भारतीय माणसाचा विमा जादा हप्ता न लावता साध्या दराने उतरवणारी. तोवर परदेशी कंपन्या आपल्या माणसाकडून जास्त घेत, 'नेटिव्ह' लवकर मरतो म्हणून. 1956 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि लहानमोठ्या 245 संस्थांबरोबर तीही एलआयसीत आली. 2022 मध्ये सरकारने साडेतीन टक्के विकले तेव्हा पॉलिसीधारकांना शेअरमागे 60 रुपये सूट दिली होती. मी अर्ज भरला होता, शेअर मिळाले. फंडाचा भागीदार होतो, आता शेअरचाही आहे. दोन्ही खिसे माझेच, असं बायकोला सांगतो. ती विचारते, मग भरला कुठला?

गोदाकाठ

काका _/\_

हिशेबनीस, वाचून उत्साह आला. परदेशी शेअर घ्यायचं खातं उघडलंय. स्कँडिया कुठे मिळेल?

हिशेबनीस

मिळणार नाही. शेअरच उरले नाहीत, हाच तर धागा आहे. मालक व्हायचं तर तिथे राहून पॉलिसी घ्यावी लागेल. तिची नॉर्वेतली इंटरनेट बँक 2015 मध्ये वेगळी होऊन ऑस्लोच्या बाजारात आली होती, पुढे 'एसबँकेन' झाली, तीही आता डीएनबीने गिळली. घरातून बाहेर काढलेली 'इफ' मात्र चांगली चालली आहे. ती 2004 पासून पूर्णपणे फिनलंडच्या 'साम्पो'ची, आणि साम्पो हेलसिंकीच्या बाजारात मिळतो. घ्या म्हणत नाहीये हं. आधी दशांश यांना विचारा.

दशांश

मला विचारू नका. माझे सगळे पैसे पीपीएफमध्ये आहेत.